ओल्या गोणपाटाचा वास

ताई,

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी मी एकटीच तुझ्या खोलीवर गेले, कुलूप उघडलं आणि कपाट आवरायला घेतलं. साड्यांच्या मागे त्या चार छोट्या बाटल्या सापडल्या. माझ्या सुनेच्या, रुहीच्या आईने पाठवल्या होत्या तुला, गेलेलं नाक परत यावं म्हणून रोज हुंगायला. प्रत्येकीवर तू पांढरी चिकटपट्टी लावून शेरा मारून ठेवलायस. गुलाब : नकली. लिंबू : फरशी पुसण्याचे. लवंग : बरी, पण दोन वर्षं जुनी. निलगिरी : खरी. आणि खाली सवयीने सही ठोकलीस, कंपनीत ठोकायचीस तशी.

तुझ्या पलंगावर बसून मी आधी हसले. मग हसू कुठल्या कुठे गेलं. लवंग किती जुनी आहे हे जिला हुंगून कळतं, तिला नाक सुधारायला बाटल्या का आल्या, हे जगात फक्त तुला आणि मला माहीत होतं. निदान कालपर्यंत मी तसं धरून चालले होते.

ग्रुपवर गेले बारा दिवस तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं येतंय. प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारी. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "ही कोण गो बाई? आपल्या ओळखीतली काय?" प्रेमळबिमळचं मला माहीत नाही. तू खवचट होतीस, हट्टी होतीस आणि तुझं नाक अख्ख्या घाटकोपरात एक नंबर होतं. मला फक्त त्या नाकाबद्दल लिहायचंय. कारण त्याच नाकाचा मी चारचौघांत अपमान केला, आणि तू जिवंत असेपर्यंत ते निस्तरायची हिंमत मला झाली नाही.

असल्फ्याच्या त्या मसाला कंपनीत तू तीस-एकतीस वर्षं काढलीस. लोकांना वाटायचं तू मिरच्या निवडायला बसतेस. तुझं काम वेगळंच होतं. ट्रकमधून पोती उतरली की प्रत्येक पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर मिरची नाहीतर धणे काढायचे, ओंजळीत धरून हुंगायचे आणि म्हणायचं, "घ्या" किंवा "परत." तुझ्या "परत"पुढे मालकाचंही काही चालायचं नाही. चार-पाच पोती झाली की तू स्वतःचा पदर नाकाला लावून दोन श्वास घ्यायचीस. "नाक धुतलं," म्हणायचीस. दुसऱ्याचा कपडा चालत नाही, आपलाच लागतो, कारण आपला वास आपल्याला येत नाही, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी फ्रॉक घालत होते. तुझ्याहून चौदा वर्षांनी लहान असलेली मी तुझ्या मिरचीच्या वासाच्या कुशीत, शिंका देत वाढले.

बाबांची गिरणी बंद पडली म्हणून तू शाळा सोडलीस, असं कुणी हळहळून म्हटलं की तुला राग यायचा. "मला शाळेचा वासच आवडत नव्हता," म्हणायचीस. मी शिकले, विमा कंपनीत लागले, लग्न करून पंतनगरातच राहिले. माझ्या निनादचे बाबा गेल्यावर तू माझ्यापासून दोन गल्ल्यांवर खोली घेतलीस, आणि माझं स्वयंपाकघर तुझ्या तपासणीखाली आलं. मी मसाला फ्रीजमध्ये ठेवते यावरून आपण किती भांडलो! "मसाल्याला सर्दी होते शोभे, बाहेर काढ," म्हणायचीस. मी म्हणायचे, "मुंबईच्या दमट हवेत बाहेर किडे होतात." तू म्हणायचीस, "किडे अडाणी माणसाच्या डब्यात होतात." ते भांडण अर्धवटच राहिलं. मसाला अजून फ्रीजमध्येच आहे.

पण मला त्या शनिवारच्या दुपारबद्दल सांगायचंय. तुला सगळं ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक.

निनादने स्वतःच रुहीशी जमवलं होतं. तिचे वडील, सतीशराव, उभा जन्म जहाजांवर इंजिनीअर. अंधेरीला मोठा फ्लॅट, बोलणं मऊ, इंग्रजी एकदम झकास. त्यांचा फोन आला, "पत्रिकाबित्रिका आम्ही बघत नाही. एक दुपार एकत्र जेवू, आणि मी जपून ठेवलेल्या तीन फ्रेंच वाइन उघडू. घरातलं वडीलधारं माणूस मात्र आणा." आपल्या घरात वडीलधारं माणूस आता तूच होतीस. मला रात्रभर झोप नाही. आपण चाळीतून वर आलेली माणसं, हे त्यांना माहीत होतं, पण ते दिसू नये असं मला वाटत होतं. तुला कुठली साडी नेसायची ते मी सांगितलं. काटा उजव्या हातात की डाव्या, ते सांगितलं. "आणि ताई, जास्त बोलू नको हं," असंही सांगितलं. तू म्हणालीस, "बरं. हुंगू तरी की नको?"

अंधेरीच्या त्या रेस्टॉरंटमध्ये प्रत्येकापुढे तीन-तीन ग्लास होते. काळा एप्रन बांधलेला एक पोक्त माणूस बाटल्या उघडत होता. सतीशराव समजावून सांगत होते. पहिली नऊ वर्षांची, दुसरी अठरा. आणि तिसरी, धुळकट लेबलाची, रुहीच्या वयाची. ती जन्मली त्या वर्षीची. पुढे त्यांचं जहाज फ्रान्सच्या बंदराला लागलं तेव्हा बोर्दोहून आणलेली. इतकी वर्षं गोधडीत गुंडाळून, एसीच्या खोलीत, कपाटाच्या तळाला आडवी ठेवलेली. "ह्याच दिवसासाठी," ते म्हणाले, आणि रुहीने त्यांच्या दंडावर डोकं टेकवलं.

यात एक रीत असते. बाटली उघडली की घोटभर आधी यजमानाला ओततात. त्याने हुंगायचं, चाखायचं, मान हलवली तर बाकीच्यांना वाढायचं, नाहीतर बाटली परत. हे ऐकून तू खुर्चीत सरळ बसलीस. "म्हणजे हे माझंच काम की हो," म्हणालीस. सगळे हसले, मीही हसले, पण टेबलाखाली मी तुझा गुडघा दाबला.

पहिली वाइन तू हुंगलीस, जिभेवर फिरवलीस आणि म्हणालीस, "ही अजून पोर आहे. नुसता आरडाओरडा." सतीशराव खूश. दुसरीला तू बराच वेळ घेतलास. ग्लास खाली ठेवून पदर नाकाला लावलास, दोन श्वास घेतलेस. रुहीची आई बघतच राहिली, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तू पुन्हा ग्लास उचललास. "आमसुलं," म्हणालीस, "गरम पाण्यात घातलेली. आणि मागून जुन्या लाकडी पेटीचा वास, आतून पुसलेल्या. चांगलं मुरलंय हो हे." सतीशरावांनी ते शब्द फोनमध्ये लिहून घेतले. वाढणारा माणूसही तुझ्याकडे वळून बघायला लागला. त्या टेबलावर त्या दुपारी वाइन कुणाला कळत होती तर ती तुला. मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. मला वाटत होतं, पुरे कर आता, पदर खाली ठेव.

मग तिसरी. बूच जुनं झालेलं, ते फार हळू काढावं लागलं. घोटभर सतीशरावांच्या ग्लासात गेलं. त्यांनी हुंगलं. क्षणभर थांबले. परत हुंगलं. मग "वा," म्हणाले आणि मान हलवली. सगळ्यांना वाढलं गेलं. तू ग्लास नाकाशी नेलास आणि लगेच खाली ठेवलास.

"ह्याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय हो," तू म्हणालीस. "कुबट. पोतं भिजवून परत सुकवावं तसा. परत करा ही."

रुही वडिलांकडे बघायला लागली. सतीशरावांचा हात टेबलक्लॉथवर तसाच पडून राहिला. निनादच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मी हसून, अगदी मोकळं हसून, म्हणाले, "मनावर घेऊ नका हं. कोविडमध्ये ताईचं नाक गेलं ते गेलंच. आता तिला चहालासुद्धा रॉकेलचा वास येतो. मघाचंही आपलं अंदाजपंचे चाललं होतं."

"अगं बाई, बिचाऱ्या!" रुहीची आई म्हणाली, आणि तिने तुझ्या हातावर हात ठेवला.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. पोत्यातून मिरची काढल्यावर तू ओंजळीकडे बघायचीस, तसं. मग ग्लास उचललास, मोठा घोट घेतलास आणि म्हणालीस, "असेल हो. माझंच नाक." ती कुबट वाइन तू थेंब न ठेवता संपवलीस.

ताई, तो वास मलाही आला होता. ग्लास तोंडाशी नेण्याआधीच आला होता. आपल्या लहानपणी पावसाळ्यात दाराशी अंथरलेल्या गोणपाटाचा, तोच. मला शंभर टक्के माहीत होतं की तू बरोबर आहेस.

आणि नाक गेलं होतं ते माझं. कोविडमध्ये दीड महिना मला कशाचाच वास नव्हता. मी रडायचे, जेवायचे नाही. तेव्हा तू रोज सकाळी दोन गल्ल्या तुडवत यायचीस, माझे डोळे बांधायचीस आणि नाकाखाली एकेक धरायचीस. हिंग. आलं. कोकम. नवा साबण. "आता काय आहे? आठव. तिखट आहे की गोड? आई कशात घालायची?" मी म्हणायचे, "काही येत नाही गं." तू म्हणायचीस, "येईल. ते कुठे गेलेलं नाही, रुसलंय." ज्या दिवशी मला पहिल्यांदा हिंग कळलं, त्या दिवशी तू माझ्या कपाळाचा मुका घेतलास. एरवी तू असलं काही करणारी नव्हतीस. तूच परत मिळवून दिलेल्या नाकाने मला ते गोणपाट कळलं, आणि माझाच आजार उचलून मी तुझ्या गळ्यात बांधला. याची लाज कुठे ठेवू, मला कळत नाही.

परतताना आपण रिक्षा केली. असल्फ्याला तुझ्या कंपनीवरून रिक्षा गेली, तशी तू मान किंचित वर केलीस. "धणे भाजतायत आज," म्हणालीस. "जरा जास्तच." मग, माझ्याकडे न बघता, "आहे गो अजून माझं नाक." तेव्हा नुसतं "चुकले ताई" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी रिक्षावाल्याला म्हणाले, "आगे से लेफ्ट लो."

एकदा वाटलं होतं, चार दिवसांत सगळे विसरतील. कसले विसरतायत! भली माणसं ती, त्यांच्या भलेपणानेच माझी वाट लावली. आधी त्या चार बाटल्या आल्या. साखरपुड्याला रुहीच्या आईने तुझ्या अंबाड्यात मोगरा माळला आणि हळहळली, "वास येत नसेल ना तुम्हाला?" तू म्हणालीस, "नाही हो. पण दिसतो छान." आंबे आले तेव्हा तू रंग बघून निवडल्याचं नाटक केलंस. तू! देठाशी नाक न नेता तू उभ्या आयुष्यात आंबा घेतला नव्हतास. माझ्या खोट्याला तू असा पुरा जन्मभराचा पाठिंबा दिलास, आणि मी तो घेतला.

लग्नाच्या दिवशी मात्र तू एकदाच मला टोचलंस. पंगत बसायच्या आधी माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "बासुंदी खाली लागलीय. जाऊन सांग." मी म्हटलं, "तूच सांग ना आचाऱ्याला." तू म्हणालीस, "मी कशी सांगू? माझं नाक गेलंय ना." मी जाऊन सांगितलं. बासुंदी बदलली. सतीशराव चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्या विहीणबाईंचं नाक मोठं तीक्ष्ण हां." मी लाजल्यासारखं केलं आणि "काहीतरीच काय" म्हणाले. तू शेजारीच उभी होतीस, पानाचे विडे वाटत.

नंतर हॉस्पिटल. शेवटच्या आठवड्यात तुझं बोलणं कमी झालं होतं. मी ठरवून गेले होते, आज बोलायचंच. तुझ्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सिस्टरने पाच मिनिटं बाजूला केला होता. मी तुझा हात हातात घेतला, तर तू माझी बोटं ओढून नाकाशी नेलीस. "मेथी निवडलीस," म्हणालीस. "कवळी होती." मी म्हटलं, "हो गं." एवढंच म्हटलं. कॉरिडॉरमध्ये येऊन रडले, आणि उद्या बोलू असं ठरवून घरी गेले. तो उद्या काही उजाडला नाही.

आता कालचं सांगते. तेराव्याचं गोडाचं जेवण चाललं होतं. तुझी आवडती म्हणून गव्हल्यांची खीर केली होती, मी वाढत होते. रुहीची आई कुणाला तरी सांगत होती, "बिचाऱ्यांना शेवटी फुलांचासुद्धा वास येत नव्हता हो."

मी डाव पातेल्यात ठेवला. "येत होता," म्हणाले. "सगळा येत होता. माझ्या बोटांना मेथीचा वास होता तेवढासुद्धा तिला आला होता. तिचं नाक कधीच गेलं नव्हतं. मी खोटं बोलले. त्या दिवशी तुमची बाटली खराब होती आणि ताई खरं बोलली होती."

निनाद म्हणाला, "आई, काय बोलतेस?" रुहीची आई वाटी हातात धरून तशीच बसली. मला वाटलं आता सतीशराव उठून जातील, लेकीचा संसार आहे, काय होईल ते होईल. ते उठलेच. हात धुतले, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मला माहीत आहे. जरा गॅलरीत येता?"

गॅलरीत ते कठड्याला धरून उभे राहिले. "पहिल्यांदा हुंगली तेव्हाच कळलं मला," म्हणाले. "बूच खराब असलं की तोच वास येतो, ओल्या पोत्याचा. पण पोरीसाठी इतकी वर्षं जपलेली बाटली. तिच्या तोंडाकडे बघून मी मान हलवली. ताई बोलल्या तेव्हा जीव गेला माझा. तुम्ही ते नाकाचं बोललात आणि मी सुटलो. तुमच्या खोट्यात मी लपलो, विहीणबाई."

ते पुढे म्हणाले, "लग्नानंतरच्या दिवाळीत मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. एकटाच. हात जोडून माफी मागितली. त्यांनी मला कोकमाचं सरबत दिलं आणि म्हणाल्या, लेकीच्या जन्माची बाटली होती तुमची, तुमची मान हलली त्यात काय नवल. मी म्हटलं, शोभाताईंना सांगू का, म्हणजे त्यांच्याही मनावरचं ओझं उतरेल. तर म्हणाल्या, नको. शोभी येईल आपणहून. वेळ लागतो तिला."

म्हणजे परका माणूस अंधेरीहून आला, तुझ्यापुढे हात जोडून गेला, आणि तू मला अवाक्षर बोलली नाहीस. तू थांबलीस. दोन दिवाळ्या थांबलीस. मी काही लांब नव्हते गं. दोन गल्ल्या. रोज येत होते. मेथी घेऊन, बांगडे घेऊन, तुझ्या बीपीच्या गोळ्या घेऊन येत होते. रोज दार उघडताना तू आधी माझ्या पिशवीकडे बघायचीस आणि मग माझ्या तोंडाकडे, आणि थोडी थांबायचीस. मला वाटायचं, काय आणलंय ते हुंगतेयस.